पुढच्या दाताची तारीख

सोमवार, ७

गेला माझा पुढचा दात. वरचा, उजव्या बाजूचा, तोंड उघडलं की सगळ्यात आधी दिसणारा. अर्धा तुटून गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या कॉलरवर पडला. मला वाटलं बटण सुटलं, म्हणून उचलून बटणांच्या डबीत टाकला. मग जिभेला धार लागली तेव्हा कळलं की बटण माझंच होतं.

दोऱ्याला दोष देत नाही. कात्री हाताशी असताना दोरा दातांनी तोडायचा ही माझी तीस वर्षांची खोड. आई ओरडायची, शिवण शिकवणाऱ्या बाई ओरडायच्या, लग्न झाल्यापासून हे ओरडतात. पुढच्या दोन्ही दातांना बारीक खाच पडली होती. दोरा तिथे बरोबर बसायचा आणि कट्‌कन तुटायचा. आज दोरा नायलॉनचा होता. तो तुटला नाही.

ही वही खरं तर मापांची. यांची बदली इथल्या गोदामात झाली म्हणून आम्ही या वस्तीत आलो, खाली दुकानाचा गाळा आणि वर दोन खोल्या घेतल्या. दीड महिन्यात मापांची पानं भरलीत फक्त चार. मागची सगळी कोरी आहेत. इथे बोलायला माणूस नाही, आणि आता बोलायला तोंडही नाही. तेव्हा लिहू या.

मंगळवार, ८

मोठ्या रस्त्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत मासे, आणि भिंतीवर एक बाई हसते आहे, बत्तीसच्या बत्तीस दाखवून. तिला बघूनच माझा जीव अर्धा झाला. डॉक्टर चांगले होते, हळू बोलत होते. दात खरवडून वर टोपी बसवावी लागेल, शिवाय शेजारच्यालाही बसवलेली बरी, जोडी दिसेल, म्हणाले. मग एका कागदावर आकडा लिहून कागद माझ्याकडे सरकवला. आकडा तोंडाने सांगायची त्यांनाही लाज वाटत असावी. तीन महिन्यांचं दुकानभाडं झालं असतं त्यात.

"हप्त्यांनी दिलंत तरी चालेल," असंही म्हणाले.

मी "सांगते" म्हणाले आणि त्यातला स शिट्टीसारखा वाजला. मासेसुद्धा वळले असतील.

गुरुवार, १०

आजची फजिती लिहायची नव्हती, पण लिहिली नाही तर पोटात दुखेल.

गार पाणी लागलं की दातातून कळ डोक्यात जाते. त्या कळेतच बसमधून येताना खिडकीतून पाटी दिसली: "दाढ दहा मिनिटांत". पुढच्याच थांब्यावर उतरले. म्हटलं, दाढ बघतात तर दात बघतीलच, आणि पाटी साधी आहे म्हणजे दर पण साधा असेल. आत शिरले, समोरच्या खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि आ केला.

तोंडात काही येईना. डोळे उघडले तर समोर आरसा, आरशात मी आ करून बसलेली, आणि मागे हातात वस्तरा घेतलेला न्हावी. बाकावर दोन गिऱ्हाइकं, तोंडाला फेस लावलेली.

"बाई," तो म्हणाला, "त्या पाटीवरची एक वेलांटी पडलीय. दाढी आहे ते."

धरणी दुभंगली असती तर मी उडी मारली असती. पण मग त्या फेसवाल्यांपैकी एक हसला, न्हावी हसला, आणि मला इतकं हसू फुटलं की हात तोंडावर न्यायचाच राहिला. त्यांनी माझा तुटका दात पाहिला. न्हावी म्हणाला, "अहो, मोठ्या रस्त्यावर कशाला जाता? दातांच्या कॉलेजात जा. शिकणारी मुलं करतात, पण मागे मास्तर उभे असतात. माझ्या तीन दाढा तिथल्याच." त्याने गाल ओढून तिन्ही दाखवल्या.

त्याचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. दीड महिना मी त्याच्या समोरून जाते आहे आणि मला पत्ता नव्हता.

शनिवार, १२

यांना सांगितलं. हे म्हणाले, "शिकणाऱ्यांकडून? अगं, तो काय रुमाल आहे, बिघडला तर दुसरा घ्यायला?"

मी म्हटलं, "मी शिकत होते तेव्हा तुमचाच पायजमा शिवला होता पहिला."

"तो मी कधी घातला का?" म्हणाले.

मी सोमवारी जाणार.

सोमवार, १४

कॉलेज म्हणजे भला मोठा हॉल, दोन रांगांत खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एकेकजण आ करून पडलेला आणि प्रत्येकावर एक पांढरा कोट वाकलेला. सगळीकडून घूं घूं आवाज. शिवणाच्या कारखान्यात बसल्यासारखं वाटलं आणि भीती जरा कमी झाली.

माझा केसपेपर एका शिकणाऱ्या मुलीकडे गेला. बारीक आहे, कोट दोन मापं मोठा, बाह्या दुमडलेल्या. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. मला तिथेच टाचण्या लावाव्याशा वाटल्या.

तिने माझ्या तोंडात आरसा घातला आणि गप्पच झाली. मला वाटलं, संपलं, सगळेच काढावे लागणार. तर ती उठून धावत मोठ्या सरांना घेऊन आली. सरांनी पाहिलं, म्हणाले, "वा! नस वाचली आहे. परीक्षेसाठी याहून चांगला दात मिळणार नाही."

आयुष्यात माझ्या कुठल्याच गोष्टीला कोणी वा म्हणालं नव्हतं, आणि म्हणाले ते तुटक्या दाताला.

मुलीने मग माझ्या शेजारी बसून समजावलं. टोपीबिपी काही नको, उरलेल्या दातावर मसाला थरांनी बांधून तो पहिल्यासारखा करता येतो, एका बैठकीत. खर्च जवळजवळ काही नाही. पण तिला तो परीक्षेत करायचा आहे. बाहेरगावचे सर येऊन बघणार, त्यांच्यासमोर पेशंट खुर्चीत बसवून काम करायचं. परीक्षा पुढच्या महिन्यात, सोमवारी अकरा तारखेला, सकाळी नऊ वाजता. "तोवर थांबाल का, काकू? आज कळ थांबवायला वरून लेप लावून देते. पण दात बांधायचा नाही. तुटकाच हवा."

चार आठवडे! पण मी हो म्हणाले. एक तर फुकटात होतं आहे. दुसरं म्हणजे तिने काकू म्हटलं ते बरं वाटलं.

बुधवार, १६

मुलीचा फोन. "काकू, गार पाणी लागतं का?" नाही म्हटलं. "बरं. अकरा तारीख लक्षात आहे ना?"

शुक्रवार, १८

पुन्हा फोन. "काकू, गरम लागतं का?" तेही नाही. "आणि अकरा तारीख..." अगं, आहे बाई लक्षात. दातांच्या लोकांना पाण्याचं इतकं काय असतं कोण जाणे.

रविवार, २०

गल्लीत आता लपवायला काही उरलेलं नाही. न्हाव्याने ती वेलांटीची गोष्ट दाढीला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली आहे. काल एक आजोबा आले आणि दारातूनच म्हणाले, "दहा मिनिटांत दाढ काढून मिळेल का?" मी रागवायला गेले आणि हसले. त्यांनी जाताना पँट आखूड करायला टाकली. मग वरच्या मजल्यावरची बाई दात बघायला आली, आणि आलीच आहे तर दोन पडद्यांना टीप मारून द्या म्हणाली. तिला म्हटलं, दीड महिना कुठे होतीस? तर म्हणते, "तुम्ही सदा खाली मान घालून असता. आम्हाला वाटलं, बाई शिष्ट आहे."

मी शिष्ट? मी कामात असते.

या दातापायी माझा दिवसच मोडतो. अर्धा वेळ लोकांना गोष्ट सांगण्यात जातो आणि उरलेल्या वेळात त्यांचे कपडे. काल बॉबिन तीनदा भरावी लागली.

मंगळवार, २२

मुलीने तपासायला बोलावलं होतं. तिने रंगांची पट्टी काढली, दाताच्याच आकाराचे बारके तुकडे लावलेली, आणि एकेक माझ्या दाताला लावून बघायला लागली. वर ट्यूबलाइट. मला राहवेना.

"इथे कशाला मिळवतेस? दोऱ्याचा रंग कधी ट्यूबखाली मिळवतात का? खिडकीशी चल."

"सर ओरडतील, काकू. खुर्चीतच बघायचा असतो."

"मग सरांचे कपडे ट्यूबखाली शिवलेले असतील."

ती हळूच हसली आणि मला खिडकीशी घेऊन गेली. खुर्चीत जो तुकडा अगदी जुळत होता तो उजेडात पिवळा पडला. दुसरा लावला, तो पांढराफटक. तिसरा लावला आणि आम्ही दोघी एकदमच "हा" म्हणालो. तिने वहीत आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

तिचा हात थरथरत होता. मी विचारलं, सकाळी काही खाल्लंस का? नाही म्हणाली. हे बघा, उपाशीपोटी कसला हात स्थिर राहणार. पिशवीतलं केळं काढून दिलं. या मुलांना आईबाप काही शिकवतच नाहीत.

शुक्रवार, २५

आज तर कमालच झाली. कॉलेजात लेप बदलायला गेले होते, तर जिन्यात एक चष्मेवाला मुलगा आडवा आला. त्याचाही कोट पांढरा. "काकू, तुमचाच ना तो पुढचा दात? माझ्याकडे या. परीक्षेत मी करतो. येण्याजाण्याचं भाडं देतो, शिवाय खालची दाढ किडली आहे तीही भरून देतो."

म्हणजे माझ्या दाताला मागणी आली! पंचविसाव्या वर्षी आली नव्हती इतकी चांगली.

मी म्हटलं, "मी हिला शब्द दिलाय."

तो म्हणाला, "तिच्याकडे कशाला जाता? तुम्हाला माहीत नाही का, ती मागच्या दोन्ही..."

मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. पाठीमागे दुसऱ्याची उणीदुणी काढणारी माणसं मला नाही आवडत. म्हटलं, "तुझ्या कोटाचा खिसा उसवलाय, आधी तो बघ." आणि आले.

बुधवार, ३०

मुलीचा फोन. आज तर पाण्याचंही निमित्त नव्हतं. "सहज केला, काकू. तुम्ही कुठे बाहेरगावी वगैरे नाही ना जाणार?"

मी म्हटलं, "अगं, मी काय पळून जाते का दात घेऊन?"

पलीकडून नुसतं "नाही, नाही" ऐकू आलं.

शनिवार, २

मोठी बातमी! पलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी चिठ्ठी पाठवली. नव्या वर्षाचे गणवेश शिवून हवेत, दीडशे मुलांचे. पँट, शर्ट, फ्रॉक सगळं. दोघातिघांना बोलावलं आहे, ज्याचं काम आवडेल त्याला देणार. नमुना शिवून आणा, समक्ष बोलू.

दीडशे! इतकं काम मिळालं तर गाळ्याचं वर्षभर बघायला नको. दुसरं मशीन घेता येईल. हे जेवताना एकदम म्हणाले, "मग मी गोदामातून लवकर येऊन काज करत जाईन." यांना काज आणि खिसा यातला फरक कळत नाही, पण म्हणाले ते म्हणाले.

मी लगेच कापड घेऊन नमुन्याचा फ्रॉक कापला.

मंगळवार, ५

शाळेतून शिपाई आला. भेटीची वेळ ठरली. सोमवार, अकरा तारीख, सकाळी दहा.

तोच दिवस. सकाळी नऊला परीक्षा, दोन अडीच तास कुठे जात नाहीत. मी शिपायाला म्हटलं, दुपारी चालेल का, मंगळवारी चालेल का? तो म्हणाला, बाई सोमवारी दुपारीच परगावी जातात आणि जाण्याआधी ठरवून जाणार.

 फ्रॉकची कॉलर उलटी लावली आणि उसवत बसले.

गुरुवार, ७

यांचं म्हणणं सरळ आहे. "अगं, दात काय, पुढच्या परीक्षेला कर. नाहीतर मी कर्ज काढून मोठ्या रस्त्यावर करून देतो. दीडशे गणवेश पुन्हा येणार आहेत का?"

खरं आहे. बोलायला जागा नाही. आणि ती मुलगी कोण माझी? तीनदा भेटलेली. तिला काय, चष्मेवाल्यासारखं कुणाला तरी जिन्यात गाठेल.

शनिवार, ९

दुपारी फोन हातात घेतला. तिला काय सांगायचं ते मनात जुळवलं: बाई गं, अडचण आली, दुसरं कुणीतरी बघ. अजून दोन दिवस आहेत तुला. तिचा नंबर काढला.

आणि मला ती पिवळ्या ड्रेसवाली आठवली.

पंधरा वर्षं झाली. जुन्या गावात एका मुलीने नाचासाठी ड्रेस शिवायला टाकला होता. सकाळी न्यायला आली, संध्याकाळी कार्यक्रम. मी तयार केला नव्हता. दुसरं घाईचं काम आलं होतं, त्याचे पैसे जास्त होते. मी मशीनवरून मान वर न करताच म्हटलं, "उद्या ये." आम्ही शिवणारे दिवसातून दहा वेळा म्हणतो ते. तर ती म्हणाली, "उद्या काय उपयोग?" चिडली नाही, भांडली नाही. नुसतं विचारलं आणि गेली. तो ड्रेस मी रात्री पुरा केला, पण तो न्यायला कोणी आलं नाही. त्यानंतर मी कितीदा तरी तारखा चुकवल्या असतील, पण तो चेहरा काही जात नाही.

फोन ठेवून दिला. सोमवारी कॉलेजात जाणार आहे. यांना सांगितलं तेव्हा यांनी आधी नमुन्याच्या फ्रॉकची नीट घडी घातली. मग म्हणाले, "मी रजा घेतो. शाळेत नमुना मी घेऊन जातो. काय बोलायचं ते लिहून दे."

मला रडूच आलं. उगाच पायजम्यावरून बोलले मी त्यांना.

सोमवार, ११

सगळं नीट क्रमाने लिहिते, नाहीतर घोळ होईल.

सकाळी आठला बसमधून उतरले तर मुलगी थांब्यावर उभी! कॉलेजच्या फाटकात नाही, बसच्या थांब्यावर. मला पाहिल्यावर तिने माझा दंड धरला तो खुर्चीपर्यंत सोडला नाही. मी म्हटलं, अगं बाई, सोड, बाहीची शिवण जाईल. ती हसली पण सोडलं नाही. काही खाल्लं होतं का विचारलं, तर हो म्हणाली. तरी हात थरथरतच होता.

नऊ वाजता बाहेरगावचे सर आले. उंच, तोंडाला मास्क, डोळे असे की कुणाच्याही कामात खोट काढतील. प्रत्येक खुर्चीपाशी थांबत होते. मुलीने रंगाची पट्टी काढली आणि मला उठवून सरळ खिडकीशी घेऊन गेली. मागून आवाज आला, "पेशंटला कुठे नेता?"

"उजेडात, सर," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण पाय थांबले नाहीत.

मग काम सुरू झालं. ओठांना रबर ताणून लावलं, म्हणजे मला बोलता येऊ नये, ही खरी शिक्षा. ती मसाल्याचा एकेक थर लावायची, वर निळा दिवा धरायची, पुन्हा थर. आणि एकदा हात लागला कामाला की तिचं थरथरणं पार गेलं. मला कळतं ते. चांगला हात लांबूनही कळतो. मध्ये एकदा तिने केलेला थर पुरा खरवडून काढला आणि परत लावला. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाने डोळे मोठे केले. मला मात्र तिथेच खात्री पटली. उसवायला जो घाबरत नाही त्याचंच काम नीट होतं.

भिंतीवर घड्याळ होतं. दहा वाजले तेव्हा शाळेत हे फ्रॉक उलगडत असतील, असं मनात आलं.  पण हलायची सोय नव्हती.

साडेअकराला सर आले. आरसा घेतला, माझं तोंड वर केलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग मुलीचा कागद बघितला, पुन्हा तोंडात बघितलं आणि विचारलं, "यातला तुम्ही केलेला दात कोणता?"

मुलीने बोट दाखवलं.

सरांनी मास्क सारखा केला आणि खिशातून भिंग काढलं. बराच वेळ बघत होते. "खालची कड सरळ का नाही? इथे खाच आहे."

"ठेवली आहे, सर. शेजारच्या दाताला तशीच आहे. काकू शिवणकाम करतात. हा एकटा सरळ केला असता तर उसना वाटला असता."

"पुस्तकात कड कशी सांगितली आहे?"

"सरळ, सर."

 सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, ते मला उलटं दिसत होतं, आणि पुढच्या खुर्चीकडे गेले. मी तोंड उघडंच ठेवून पडले होते. मुलीचा चेहरा खडूसारखा पांढरा. त्या खाचेने तिला बुडवलं की काय, हेच माझ्या डोक्यात. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, कर सरळ, मला काय करायची आहे खाच.

घरी आले तर हे पायरीवर बसलेले. नमुना मांडीवर. "बाईंना फ्रॉक फार आवडला," म्हणाले. "पण विचारलं, शिवणारी स्वतः का आली नाही? मी सांगितलं, दात बांधायला गेली आहे. त्या म्हणाल्या, ज्यांना दीडशे मुलांपेक्षा दात मोठा वाटतो त्यांना काम कसं द्यायचं. दुसऱ्याला दिलं."

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, खूपच वाईट वाटलं. हे म्हणाले, "आता दाखव तरी." मी हसून दाखवलं. हे चष्मा लावून जवळ आले आणि म्हणाले, "कोणता?"

शुक्रवार, १५

मुलीचा फोन नाही. चार दिवस झाले. इतके दिवस तिचा फोन नको व्हायचा, आता कान तिकडेच लागलेले. वरच्या मजल्यावरच्या बाईचे सहा पडदे, आजोबांच्या मित्राच्या दोन पँटी, न्हाव्याचे चार एप्रन. गल्लीतली माणसं येताजाता विचारतात, "निकाल काय लागला?" जसं काही मीच परीक्षेला बसले होते. लोकांना काय करायचं आहे, कोण जाणे. पण विचारतात, त्यामुळे मलाही बोलावं लागतं.

बुधवार, २०

दुपारी मुलगी आली. दुकानातच आली, पत्ता शोधत. दारातच उभी राहिली, आत येईना. माझ्या हातातली कात्री तिथेच राहिली. म्हटलं, "खाचेमुळे ना? मी येऊन सांगते त्या सरांना..."

"पास झाले, काकू. खाचेचे जास्तीचे मार्क दिले त्यांनी."

मी उठून तिला जवळच घेतलं. पाठ थोपटली, म्हटलं, "शाबास! पहिल्याच फटक्यात!"

"तिसऱ्या," ती म्हणाली.

मग स्टुलावर बसून तिने सांगितलं. पहिल्या वेळी तिचा पेशंट परीक्षेच्या दिवशी आलाच नाही. ती दहा वाजेपर्यंत फाटकात उभी होती. सहा महिन्यांनी दुसऱ्या वेळी एक बाई होत्या, त्यांनी आदल्या दिवशी फोन करून कळवलं की जमत नाही. रिकाम्या खुर्चीसमोर उभं राहून नापास. हात दोन्ही वेळा लावलाच नव्हता कशाला. हे तिसऱ्यांदा झालं असतं तर घरच्यांनी शिक्षण थांबवायचं ठरवलं होतं.

मला राग आला. "आधी सांगायला काय झालं होतं तुला? मी चार आठवडे तुझ्यावर चिडत होते फोन करते म्हणून!"

"सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, दोघं सोडून गेले म्हणजे हिच्यातच काहीतरी खोट असेल." मग म्हणाली, "मला त्या सोमवारी सकाळी बस येताना दिसली ना, तरी खरं वाटत नव्हतं. पण तुमचं तसं नाही, काकू. तुमच्या मनातसुद्धा आलं नसेल."

 मी तिच्यासाठी चहा ठेवायला आत गेले आणि पातेल्यासमोर नुसतीच उभी राहिले. त्या शनिवारी दुपारी तिचा नंबर काढून मी फोन हातात धरला होता. काय बोलायचं ते शब्दसुद्धा जुळवले होते. बाहेर ती बटणांची डबी उघडून रंग बघत गुणगुणत होती.

तिला हे मी सांगितलं नाही, कधी सांगणारही नाही. इथे लिहिलं आहे तेवढंच.